गोडं तेल, आंबट तेल

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. रविवार होता. सकाळी साडेनऊच्या सुमारास मी माझ्याकडच्या किल्लीनं बाबांच्या घराचं दार उघडलं आणि उंबऱ्यातच थांबले. घरभर गॅसचा वास भरला होता. बाबा बाहेरच्या खोलीत खिडकीजवळ बसून शब्दकोडं सोडवत होते. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात पेन्सिल. मला बघून म्हणाले, "आलीस? चहा टाकू का?"

पंख्याच्या बटणाकडे गेलेला हात मी मागे घेतला. गॅसचा वास आला की कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही, हे मला याच माणसानं मी पाचवीत असताना शिकवलं होतं. तशीच स्वयंपाकघरात गेले. दूध उतू जाऊन शेगडीवर सांडलं होतं. त्यानं आच विझली होती आणि नॉब तसाच चालू होता. नॉब बंद केला, रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या, गॅलरीचं दार सताड उघडलं. एलपीजी हवेपेक्षा जड. तो जमिनीलगत साचून राहतो. हेही बाबांनीच सांगितलेलं.

बाबा दारात येऊन उभे राहिले. "काय झालं गं?"

"बाबा, वास नाही आला तुम्हाला?"

त्यांनी दोनदा खोल श्वास ओढला. एखादा शब्द आठवायचा प्रयत्न करताना माणूस जसा दिसतो, तसे दिसत होते. मग म्हणाले, "नाही."

"कधीपासून?"

"करोना झाला होता ना मला. तेव्हा गेला तो परत आलाच नाही." जरा थांबून पुढे म्हणाले, "तुझी आई होती तोवर अडलं नाही कधी."

आई जाऊन तेव्हा सव्वा वर्ष झालं होतं.

ज्याला वास येत नाही अशी पुष्कळ माणसं जगात असतील. पण माझे बाबा मुंबईच्या पूर्वेच्या काठावरच्या एका रिफायनरीच्या प्रयोगशाळेत छत्तीस वर्षं केमिस्ट होते. आयुष्यभर त्यांनी कच्चं तेल तपासलं. कुठलं हलकं, कुठलं जड, कुठलं गोडं, कुठलं आंबट. आमच्या घरात तेलाच्या जाती लोकांच्या आडनावांसारख्या बोलल्या जायच्या.

*

लहानपणी मला वाटायचं, जमिनीतून पेट्रोल निघतं. विहिरीतून पाणी निघतं तसं. बाबांनी हा गैरसमज एका रविवारी स्वयंपाकघरात दूर केला. आई लोणी कढवत होती. बाबा म्हणाले, "हे बघ. लोणी म्हणजे क्रूड. कढवलं की वर तूप, तळाला बेरी. तूप किती आणि बेरी किती, हे लोण्यावर अवलंबून. गाईचं, म्हशीचं, ताजं, आंबलेलं. दुकानात तूप एकच दिसतं, पण कढवणाऱ्याला लोणी कळावं लागतं."

आई म्हणाली, "कढवणारीला."

कच्चं तेल हा एक पदार्थच नाही. कार्बन आणि हायड्रोजनच्या हजारो वेगवेगळ्या रेणूंची ती खिचडी आहे. काही रेणू इतके लहान की बाहेर आले की वायू होऊन उडतात, काही इतके मोठे की त्यांचं डांबर होतं. प्रत्येक तेलक्षेत्रात या खिचडीचं प्रमाण निराळं. म्हणून प्रत्येक तेलाला नाव आहे. ब्रेंट, अरब लाइट, अरब हेवी, बसरा, माया, उराल्स. आणि आमचं घरचं, बॉम्बे हाय.

या तेलांना पहिला प्रश्न विचारतात तो वजनाचा. दूधवाल्याकडे लॅक्टोमीटर असतो तशीच एक काचेची नळी, हायड्रोमीटर, तेलात सोडायची. तेल हलकं असेल तर नळी खोल बुडते, जड असेल तर वर राहते. त्यावरून घनता काढतात आणि घनतेवरून एपीआय अंश. १४१.५ ला सापेक्ष घनतेनं भागायचं आणि आलेल्या उत्तरातून १३१.५ वजा करायचे. पाण्याचे अंश येतात १०. हे माप उलटं आहे. आकडा जितका मोठा, तेल तितकं हलकं. साधारण ३१ च्या वर हलकं, २२ ते ३१ मध्यम, त्याखाली जड. बॉम्बे हाय ३९ च्या आसपास. अरब हेवी २७-२८. मेक्सिकोचं माया २२ च्या जवळपास. आणि व्हेनेझुएलाच्या ओरिनोको खोऱ्यात असं तेल आहे की त्याचा आकडा १० च्याही खाली जातो. म्हणजे ते पाण्यावर तरंगायचं सोडून बुडतं. ते नळातून वाहावं म्हणून त्यात पातळ तेल मिसळावं लागतं.

हलकं तेल म्हणजे लहान रेणू जास्त, म्हणजे पेट्रोल-डिझेल जास्त आणि बेरी कमी. अरब हेवीसारखं तेल साध्या उकळण्यानं वेगळं केलं तर निम्म्याच्या आसपास गाळच हाती राहतो. म्हणून हलकं तेल सहसा महाग.

पण हलकं म्हणजे पातळ, असं मी एकदा म्हणाले तेव्हा बाबा हसले. थंडीचे दिवस होते. त्यांनी मला न्हाणीघरातली खोबरेल तेलाची बाटली आणायला लावली. तेल गोठून पांढरं झालं होतं. "बॉम्बे हाय असंच," ते म्हणाले. "हलकं, चांगलं, गुणाचं. पण त्यात मेण भरपूर. तीस अंशांच्या जवळपास आलं की गोठायला लागतं. डिसेंबरात सकाळी लॅबमध्ये गेलं की बाटलीत घट्ट बसलेलं असतं. आणि ते आखाताचं जड तेल त्याच थंडीत आरामात ओतता येतं."

ही परीक्षा कशी करतात, तेही त्यांनी दाखवलं. तेल एका जाड काचेच्या नळीत घेऊन गार करत जायचं. दर तीन अंशांनी नळी बाहेर काढून तिरकी करून बघायची. एक वेळ अशी येते की नळी पूर्ण आडवी धरली तरी पाच सेकंद तेल हलत नाही. त्याच्या तीन अंश अलीकडचं तापमान म्हणजे त्या तेलाचा ओतबिंदू. हे त्यांनी आमच्या घरी खोबरेल तेल, आईस्क्रीमचा कप आणि बर्फ घेऊन केलं. आईनं त्या कपात नंतर कधी काही खाल्लं नाही.

*

दुसरा प्रश्न चवीचा.

तेलाचं वर्गीकरण इंग्रजीत 'स्वीट' आणि 'सावर' असं करतात. तेलात गंधक अर्ध्या टक्क्यापेक्षा कमी असेल तर स्वीट, जास्त असेल तर सावर. असं सांगतात की जुन्या काळी तेल शोधणारे लोक तेलाचा वास घेऊन आणि प्रसंगी जिभेला लावून बघायचे. गंधक कमी असेल तर चव किंचित गोडसर लागायची. नाव तिथून आलं आणि राहिलं.

बाबा आजीसमोर हे एकदाच बोलले. आजीच्या भाषेत गोडंतेल म्हणजे शेंगदाण्याचं, फोडणीचं. खायचं ते गोडं, जाळायचं ते घासलेट. बाबा म्हणाले, "आज जहाजातून गोडं तेल आलं, दोन लाख बॅरल." आजी म्हणाली, "बाई गं! एवढं तळायचं काय आहे?" एक बॅरल म्हणजे १५९ लिटर, हे तिला कुणी सांगितलं नाही ते बरंच झालं.

बॉम्बे हाय गोडं. गंधक ०.२ टक्क्याच्याही आत. १९७४ च्या फेब्रुवारीत मुंबईपासून दीडशे-एक किलोमीटरवर भर समुद्रात 'सागर सम्राट' या रिगनं ते शोधलं आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. बाबांच्या पिढीच्या तेलवाल्यांना त्याचा अभिमान आहे, हापूसचा असतो तसा. पण मुंबईच्या रिफायनऱ्या त्याच्या वीस वर्षं आधीच्या, १९५४-५५ च्या. त्या उभ्या राहिल्या तेव्हा आपल्या समुद्रात तेल आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं. आणि बॉम्बे हायच्या मेणचट तेलातून चांगलं डांबर निघत नाही. त्याला आखातातलं जड, आंबटच तेल लागतं. "गोड गोड म्हणून काय करता," बाबा म्हणायचे, "रस्ता आंबटाचाच होतो."

शिवाय सगळी तेलं एकमेकांत गुण्यागोविंदानं नांदत नाहीत. काही जड तेलांत डांबरी कण विरघळून तरंगत असतात. त्यात चुकीच्या प्रमाणात मेणचट हलकं तेल मिसळलं की ते कण फाटलेल्या दुधासारखे वेगळे होतात, तळाशी बसतात आणि नळ्या तुंबवतात. म्हणून जहाज येण्याआधीच लॅबमध्ये मिश्रणं करून बघायची. बाबा याला पत्रिका जुळवणं म्हणायचे.

*

रिफायनरीतल्या मुख्य मनोऱ्याचं वर्णन बाबा चाळीसारखं करायचे. आधी तेलातलं मीठ आणि पाणी धुऊन काढायचं, मग भट्टीत ३५० अंशांच्या वर तापवून मनोऱ्यात सोडायचं. मनोरा खाली गरम, वर गार. वाफा वर चढतात आणि ज्याला जिथे झेपेल तिथे तो थांबतो. अगदी वरच्या मजल्यावरून गॅस, त्याखाली नाफ्था आणि पेट्रोलचा अंश, मग रॉकेल आणि विमानाचं इंधन, मग डिझेल. जडशीळ मंडळी तळमजल्यावर. लिफ्ट नाही.

इथवरचं काम शे-दीडशे वर्षांपूर्वीही व्हायचं. खरी करामत पुढे. तळमजल्यावरची बेरी फेकून देता येत नाही. म्हणून ती निर्वात मनोऱ्यात पुन्हा उकळतात. मोठे रेणू उत्प्रेरकावर तोडून लहान करतात, म्हणजे पेट्रोल वाढतं. जे तुटतच नाही ते कोकर नावाच्या भट्टीत इतकं तापवतात की शेवटी दगडी कोळशासारखा पेटकोक उरतो. ज्या रिफायनरीकडे ही सगळी यंत्रं असतात, ती जगातलं वाईटातलं वाईट तेल स्वस्तात घेऊन तेच पेट्रोल विकू शकते. जामनगरचं नाव जगात आहे ते यासाठी. ज्यांच्याकडे ही यंत्रं नाहीत, त्यांना महागाचं गोडं तेलच विकत घ्यावं लागतं.

आणि मग गंधक. तो तेलात मोकळा तरंगत नसतो, रेणूंच्या आत घर करून बसलेला असतो. त्याला काढायचं तर तेल हायड्रोजनबरोबर, ३०० अंशांच्या वर, मोठ्या दाबाखाली, कोबाल्ट-मॉलिब्डेनमच्या उत्प्रेरकावरून न्यावं लागतं. हायड्रोजन गंधकाला रेणूतून ओढून बाहेर काढतो आणि दोघांचा मिळून एक वायू होतो. हायड्रोजन सल्फाइड. नासलेल्या अंड्याच्या वासाचा. तो वेगळा करून, त्याचा तिसरा हिस्सा जाळून, जळालेल्याची न जळालेल्याशी गाठ घालून देतात. त्यातून पाणी निघतं आणि पिवळाधमक गंधक.

आज जगातला बहुतेक गंधक खाणीतून येत नाही. तो तेल आणि नैसर्गिक वायू साफ करताना निघतो. त्याचं गंधकाम्ल होतं, त्यापासून खत होतं. माझ्या मामाची नाशिकजवळ द्राक्षबाग आहे. वेलींवर भुरी आली की तो गंधक फवारतो. आणि आपल्याकडच्या बहुतेक साखर कारखान्यांत साखर पांढरी करण्यासाठी उसाच्या रसात गंधकाचा धूर सोडतात. बाबांना ही गोष्ट फार आवडायची. चहात साखर घालताना म्हणायचे, "बघ, आंबट तेलातलं काढलं आणि गोडात घातलं."

*

त्या रविवारी घर हवेशीर झाल्यावर आम्ही दोघं गॅलरीत बसलो. चहा केला नाही. मी चिडले होते आणि त्याहून जास्त घाबरले होते. साडेतीन वर्षं या माणसानं सांगितलं नाही. मी म्हणाले, "बाबा, तुम्ही केमिस्ट ना? कळत नाही तुम्हाला गॅसला वास का असतो ते?"

ते शांतपणे म्हणाले, "एलपीजीला वास नसतोच. आम्ही घालायचो."

हे मला माहीत होतं. पण त्या दिवशी त्यांच्या तोंडून ऐकताना निराळं वाटलं. सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचं द्रव्य अगदी थोडं मिसळतात. मर्कॅप्टन गंधकाचंच. म्हणजे एवढी यंत्रं लावून, एवढा हायड्रोजन खर्चून गंधक काढायचा आणि शेवटी त्याचीच चिमूटभर परत टाकायची, लोकांचा जीव वाचावा म्हणून. ती चिमूट बाबांच्या घरी तासभर हाका मारत होती आणि बाबा शब्दकोडं सोडवत होते.

लहानपणापासून मी त्यांचं एक वाक्य ऐकत आले आहे. नाक हे मीटर नाही. भाजी नासली का बघताना, गटाराचा वास आल्यावर, कधीही. मला तो त्यांचा विनोद वाटायचा. त्या दिवशी त्यांनी ते वाक्य कुठून आलं ते सांगितलं.

ते सत्तावीस वर्षांचे होते. नमुने घ्यायला दुसऱ्या गावातल्या एका साठवणुकीच्या जागी गेले होते. कुठल्या, ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. टाकीत आंबट तेल होतं. अशा टाकीच्या वरच्या मोकळ्या जागेत हायड्रोजन सल्फाइड साचलेला असतो. बरोबर एक मदतनीस होता, त्यांच्याहून दोन-तीन वर्षांनी लहान. दोघं शिडीनं वर चढले. वर नासक्या अंड्याचा वास मारत होता, म्हणून थांबले. काही क्षणांनी वास गेला. वारा फिरला असेल असं बाबांना वाटलं. ते म्हणाले, "वास गेला, चल." तो पुढे झाला, झाकणाशी वाकला आणि तिथेच कोसळला.

या वायूचं हे कपट आहे. अगदी थोडा असला की भयंकर वास येतो. दहा लाखात शंभर भागांच्या आसपास गेला की वास घेणारी नसच बधिर होते. वास गेला असं वाटतं तेव्हा खरं तर नाक गेलेलं असतं आणि वायू वाढलेला असतो.

"मग?"

"मी त्याला ओढलं. त्याच्या कॉलरला धरून. माझंही डोकं गरगरत होतं. खालच्यांनी बघितलं, दोघं वर धावून आले. वाचला तो. दोन दिवसांनी शुद्धीवर आला. पण नंतर त्यानं काम सोडलं. गावी गेला."

"तुम्ही भेटलात त्याला पुन्हा?"

"नाही." बऱ्याच वेळानं म्हणाले, "मी म्हणालो होतो ना, चल."

मला काही सुचलं नाही. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर कुणीतरी पापड वाळत घालत होतं. मला एवढंच कळलं की हा माणूस मला तीस वर्षं जे शिकवत आला, ते पुस्तकातलं नव्हतं. आणि हेही कळलं की ज्याला नाकावर विश्वास ठेवू नये हे इतक्या महागात कळलं, त्यानंच नाक गेलेलं लपवून ठेवलं होतं. मी तसं बोलून दाखवलं. जरा कडवटपणे.

"लपवलं नाही," ते म्हणाले. "सांगितलं असतं तर तू मला इथे एकट्याला राहू दिलं नसतंस."

ते खरंच होतं.

*

बाबांशी माझं जे काही बोलणं होतं, ते बरंचसं तेलावरून होतं. दुसरं काही थेट बोलायची आम्हाला सवय नाही. २० एप्रिल २०२० ला अमेरिकेत तेलाचा भाव शून्याच्या खाली गेला, उणे ३७.६३ डॉलर. लॉकडाऊनचे दिवस होते. मी त्यांना ती बातमी पाठवून लिहिलं, "आता पेट्रोल फुकट?" त्यांचं उत्तर आलं: "कुठलं तेल ते बघ." ते डब्ल्यूटीआय होतं, हलकं आणि गोडं, ओक्लाहोमातल्या कुशिंगला ताब्यात घ्यायचं. तिथल्या टाक्या भरत आल्या होत्या. ज्यांच्याकडे मे महिन्याचे सौदे होते, त्यांना तेल ठेवायला जागा नव्हती म्हणून ते पैसे देऊन सौदे सोडवत होते. समुद्रमार्गे फिरणारं ब्रेंट त्या दिवशी शून्याच्या बरंच वर होतं.

कुठलं तेल ते बघ. बातम्यांत नुसतं 'क्रूड' असं येतं तेव्हा मला हे वाक्य ऐकू येतं. आपल्या सरकारच्या आकडेवारीत 'इंडियन बास्केट' असतं. ओमान आणि दुबई या आंबट तेलांची सरासरी आणि गोडं ब्रेंट, यांचं मिश्रण. त्यात आंबटाचा वाटा तीन चतुर्थांशाच्या आसपास, कारण आपल्या रिफायनऱ्या तेवढं आंबट तेल रिचवतात. २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला, युरोपनं रशियाकडे पाठ फिरवली आणि उराल्स तेल स्वस्त झालं. ते मध्यम आणि आंबट, म्हणजे आखातातल्या तेलांच्याच कुळातलं. आपल्या यंत्रांना ते सोसणारं होतं. रशियाचा आपल्या आयातीतला वाटा दोन टक्क्यांच्या आसपास होता, तो पुढच्याच वर्षी तिसऱ्या हिश्श्याच्या वर गेला. बाबांच्या निवृत्त मित्रांच्या ग्रुपवर यावर कडाक्याची भांडणं झाली. बाबांनी त्यात फक्त उराल्सच्या गंधकाचा आकडा टाकला आणि झोपायला गेले.

मी आंबट तेलाची बाजू घेत नाही. आम्ही लहान असताना वारा फिरला की आई धावत जाऊन खिडक्या लावायची. मला दर हिवाळ्यात खोकला असायचा. बाबा अशा वेळी गप्प असायचे. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ इंधन आलं. गंधकाची मर्यादा ५० पीपीएमवरून १० पीपीएमवर. म्हणजे दहा टन डिझेलच्या टँकरमध्ये जास्तीत जास्त शंभर ग्रॅम गंधक. गंधक जास्त असला की गाडीच्या धुराड्यातला उत्प्रेरक निकामी होतो, म्हणून ही कडक मर्यादा. त्याच वर्षीच्या १ जानेवारीपासून जहाजांच्या इंधनावरही बंधन आलं, साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर. बाबा तेव्हा निवृत्त झालेले होते. मला फोन करून म्हणाले, "शंभर ग्रॅम. आमच्या वेळी कुणी सांगितलं असतं तर हसलो असतो." आवाजात अभिमान होता. थोडं आणखीही काही होतं. ते काय, ते मी विचारलं नाही.

*

आता बाबांच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर गॅस डिटेक्टर लावला आहे. कुठे लावायचा यावर त्यांनी मिस्त्रीला लेक्चर दिलं. सोबतचं माहितीपत्रक पूर्ण वाचलं, त्यातली एक चूक दाखवली आणि दर महिन्याच्या एक तारखेला यंत्राची चाचणी घेऊन कॅलेंडरवर खूण करतात. दूध आता इंडक्शनवर तापतं. ते एकटेच राहतात. त्यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.

डॉक्टरांनी त्यांना वासाचा व्यायाम सांगितला आहे. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. दिवसातून दोनदा प्रत्येक वास वीस-एक सेकंद घ्यायचा आणि तो आठवायचा प्रयत्न करायचा. काही महिने चिकाटीनं केलं तर काहींना वास परत येतो, काहींना नाही. बाबांनी रिकाम्या औषधाच्या बाटल्या घेतल्या, धुतल्या, उन्हात वाळवल्या. प्रत्येकीवर चिठ्ठी चिकटवली: नमुना क्रमांक, नाव, भरल्याची तारीख. शाळेची एक जुनी वही घेतली, पट्टीनं रकाने आखले. सकाळ, संध्याकाळ, निरीक्षण, सही. स्वतःच्याच वहीत स्वतःच सही करतात.

मी दर रविवारी जाते आणि ती वही चाळते. पहिले दोन महिने नुसते शून्य आहेत. एका खाली एक, सुबक. तिसऱ्या महिन्यात त्यांनी स्वतःहून पाचवी बाटली वाढवली. हिंगाची. मी विचारलं, डॉक्टरांनी सांगितलं का? म्हणाले, "नाही. पण हिंगाचा वास गंधकाचा असतो. तो मला ओळखीचा आहे. आला तर तोच आधी येईल."

गेल्या रविवारी गेले तेव्हा ते आत आंघोळ करत होते. मी वही उघडली. गुलाब, शून्य. लिंबू, शून्य. लवंग, शून्य. निलगिरी, शून्य. हिंगाच्या रकान्यात शून्य लिहून खोडलं होतं आणि बाजूला बारीक अक्षरांत लिहिलं होतं, "शंका आहे. पुन्हा तपासावे."

खाली सही होती.